कुठलं पाणी?

कुणी पाण्याचा पेला पुढे केला की बाई तो हातात घ्यायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि विचारायच्या, "कुठलं?"

नव्या माणसाला आपण गाव विचारतो ना, त्याच सुरात. नळाचं, बोअरचं, जारचं की टँकरचं, ते समजलं की मान हलवायच्या आणि पेला अलगद खाली ठेवायच्या. प्यायच्या नाहीत. स्वतःची स्टीलची बाटली पिशवीत असायचीच. त्यामुळे काही माणसं दुखावायची. एकदा आमच्या गल्लीतल्या एका काकू स्पष्टच म्हणाल्या, "आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुम्हाला?" बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या आजीच्या हातचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं. तसलं काही माझ्या मनात कसं येईल? मी फक्त विचारते."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. सगळ्यांच्या उपयोगी पडणारं आणि तरी कुणाच्याच घरचं नसलेलं. आमच्या बाई तशा होत्या.

जळगावात माझं दुकान आहे. नळाचं सामान, फिल्टर, पाणी मऊ करायची सॉफ्टनरची यंत्रं. बाई पहिल्यांदा आल्या त्या फिल्टरची जुनी कांडी बदलून घ्यायला. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षं सहायक होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. फिकट रंगाची सुती साडी, घट्ट अंबाडा, उजव्या हाताच्या दोन बोटांवर ॲसिडचे जुने डाग. कांडी घेऊन त्या जायच्या बेतात होत्या, तेवढ्यात एक नवराबायको मोठं आरओ यंत्र बघायला आले. मी त्यांना चार यंत्रं दाखवली, गुण सांगितले, सौदा होत आला होता.

बाईंनी मागे वळून विचारलं, "घरी पाणी कुठलं येतं?"

"महापालिकेचं," तो गृहस्थ म्हणाला.

"बोअर नाही?"

"नाही."

"मग आरओ कशाला? धरणाचं पाणी आहे, क्षार मुळात कमी. अर्धं पाणी नुसतं गटारात जाईल. जंतू मारणारं साधं यंत्र घ्या."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. विचार करून येतो म्हणाले आणि गेले. आपण काय केलं याचा बाईंना पत्ताही नव्हता. मला नमस्कार करून त्याही गेल्या.

त्यानंतर त्या वरचेवर येऊ लागल्या. कधी वॉशर, कधी नळाची जाळी, कधी नुसतंच "इकडून जात होते". दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटं गप्प राहायच्या, तिसऱ्या मिनिटाला "कुठलं पाणी?" सुरू. मी वैतागलो होतो. एक दिवस शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं, "बाई, दुकानात गर्दी असते हो. तुम्हाला त्रास होतो."

त्यांना कळलं. "बरोबर आहे," म्हणाल्या, पिशवी उचलली आणि निघाल्या. पुढे पंधरा दिवस आल्या नाहीत.

त्या पंधरा दिवसांत काय झालं, ते मला नंतर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं. आमच्या बाजूला बोअरचं पाणी फार जड. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल वर्षात जाते, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. या आजोबांच्या घरी मी सॉफ्टनर बसवला होता आणि विकण्याच्या भरात म्हणालो होतो, "आता हेच पाणी प्या, एकदम मऊ." बाईंनी ते ऐकलं होतं. सॉफ्टनर पाण्यातला चुना काढतो खरा, पण मिठाच्या जोरावर काढतो, आणि थोडं मीठ पाण्यात उतरतं. आजोबांना रक्तदाबाचा आजार. बाईंनी त्यांचा पत्ता शोधला, रिक्षा करून घरी गेल्या आणि प्लंबर बोलावून स्वयंपाकघराच्या नळाला आधीच्या पाण्याची वेगळी जोडणी करून घेतली.

"तुम्ही पाठवलंत ना त्यांना," आजोबा मला म्हणाले. "सांगत होत्या, दुकानदाराच्या मागाहून लक्षात आलं, म्हणून मला पाठवलं. फार जपता हो तुम्ही गिऱ्हाइकाला."

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि बाईंची खोली शोधत गेलो. एका बंगल्याच्या मागच्या अंगाला एकच खोली आणि मोरी. बाहेर कडुलिंब. आत लोखंडी कॉट, टेबल, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खिडकीत ओळीने बाटल्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: कुणाच्या घरचं पाणी, कुठून, कधी भरलं. बाईंनी चहा केला. कपाटातून दुसरा कप काढला तेव्हा तो धुऊन घ्यावा लागला. त्यावर धूळ होती.

"उद्यापासून या," मी म्हणालो.

"बघते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दाराशी उभ्या होत्या.

मग आठ वर्षं तो शिरस्ताच झाला. लोक आधी बाईंना पाण्याची बाटली आणून द्यायचे, मग यंत्र घ्यायचे. कितीतरी जण काहीच न घेता जायचे, कारण बाई सांगायच्या, "काही नको. टाकी धुवा फक्त." फैजपूरकडचे एक केळीवाले शेतकरी आले, त्यांच्या ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद पडत होत्या. मी म्हणालो, "आमचं काम पिण्याच्या पाण्याचं." बाई म्हणाल्या, "केळी काय पाणी पीत नाही?" आणि त्यांच्याशी तासभर बोलत बसल्या. त्या गृहस्थांनी पुढे दर हंगामाला केळीची फणी पाठवली. बाईंना केळी सोसत नसत. त्या सगळी वाटून टाकायच्या, पण फणी आली त्या दिवशी खूश असायच्या. कुणीतरी आठवण ठेवली होती.

एकदा त्यांच्या कॉलनीत एका कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, चाळिशीचा, घामाघूम. बायकांना ओट्यावर जमवून त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी सळ्यांचं एक विजेचं उपकरण बुडवलं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यात काळा गाळ. यंत्राचं पाणी तसंच नितळ. बायका हादरल्या. "हे तुमची मुलं रोज पितात," तो म्हणाला.

बाई घरात जाऊन चिमूटभर मीठ घेऊन आल्या. त्याच्याच यंत्राचं पाणी नव्या ग्लासात घेतलं, मीठ टाकलं, ढवळलं. "आता लावा," म्हणाल्या.

ते पाणी पहिल्यापेक्षा काळं झालं.

"ही घाण पाण्यातली नाही, तुमच्या सळीच्या लोखंडाची आहे," बाई म्हणाल्या. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं. क्षार तर आपल्या मिठातही आहेत. तुम्हाला हे माहीत होतं?"

तो माणूस खाली बघत म्हणाला, "नाही मॅडम. आम्हाला असंच शिकवलं."

"आता माहीत झालं." एवढं बोलून बाईंनी विषय संपवला. बायका त्याला आणखी बोलणार होत्या, पण बाईंनी त्याला खोलीत नेलं, पंखा लावला, पोहे करून दिले. नंतर मला म्हणाल्या, "दिवसभर कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं त्याला. पाण्याचीच यंत्रं विकतो बिचारा."

एक गोष्ट मात्र मला समजत नसे. पाणी कितीही नितळ असो, गोड असो, मीटरवर क्षार कितीही कमी दाखवोत, बाई समाधान मानत नसत. एक छोटी बाटली मिळते, तळाशी औषध असलेली. तीत पाणी भरून उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं. बाई ती बाटली थंडीत आपल्या शालीत गुंडाळून उशाशी ठेवायच्या. लोक कंटाळायचे. "दिसतंय की स्वच्छ," म्हणायचे.

"दिसण्याचं मला सांगू नका," बाई म्हणायच्या. एरवी इतक्या मऊ बोलणाऱ्या बाईंचा आवाज तेवढ्यापुरता कोरडा व्हायचा.

याचं कारण मला तीन-चार वर्षांनी कळलं. एका दुपारी दुकानात एक तरुण मुलगी आली, पोटुशी. सातवा महिना असावा. घरच्यांनी फिल्टरची चौकशी करायला पाठवलं होतं. बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. पाणी कुठून येतं, कुठे साठवता, उकळता का, घरात कुणाला कावीळ झाली होती का, असे प्रश्न सुरू केले. त्या इतकं विचारू लागल्या की मुलगी घाबरली. मग बाई तिच्यासोबत तिच्या घरी गेल्या. चार वाजता परत आल्या त्या घामाने निथळत. लाइट गेली होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. बाई बसल्या आणि मी काही विचारलं नसतानाही बोलू लागल्या.

त्यांचं गाव साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. आईवडील लवकर गेले. भाऊ दहा वर्षांनी लहान. त्याला बाईंनी वाढवलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, नोकरी लागल्यावर पैसे पाठवून शिकवलं. स्वतःचं लग्न त्यात राहून गेलं. भावाने शिक्षण अर्धवट सोडलं, पण शेती बरी केली, लग्न केलं, मुलगी झाली. मग त्याने घरामागे विहीर खणली.

"आमच्या आजीला गावच्या विहिरीची पायरी चढता येत नव्हती," बाई म्हणाल्या. "कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. आणि आता आमच्या स्वतःच्या जागेत विहीर. पाणी लागलं त्या दिवशी भावाने बाटली भरून एसटीने जळगावला आणली. मी कॉलेजात तपासली. क्षार कमी, जडपणा कमी, चवीला गोड. मला इतका आनंद झाला. तो फिल्टर घेणार होता. मीच म्हणाले, काही गरज नाही. तुझं पाणी शहरापेक्षा चांगलं शे."

बोलताना बाईंच्या तोंडात गावची बोली आलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"जंतूंची तपासणी मी केलीच नाही. सुचलंच नाही. विहिरीपासून पंधरा पावलांवर संडासाचा खड्डा होता. पावसाळ्यात तो पाझरला. वहिनीला सातवा महिना होता. कावीळ झाली. गरोदर बाईला ती कावीळ सोसत नाही. धुळ्याला नेलं, पण पाच दिवसांत गेली. पोटातलं बाळही गेलं."

मी पंख्याकडे बघत होतो. तो बंदच होता.

"भाऊ काही बोलला?"

"मातीहून परत आल्यावर एकच वाक्य. 'तू म्हनी व्हती, पानी चांगलं शे.' रागाने नाही. लहानपणी एखादं गणित चुकलं की विचारायचा ना, तसं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. सोळा वर्षं झाली."

"तुम्ही गेला नाहीत?"

"दोनदा गेले. तो शेतात निघून गेला. भाची तेव्हा पाच वर्षांची. दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. मग मी जाणं सोडलं."

लाइट आली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "त्या मुलीच्या घरी टाकीचं झाकण फुटलंय. उद्या माणूस पाठवा." त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मीही काढला नाही. पण दिवाळीत दुकान चार दिवस बंद असलं की मला त्यांच्या खोलीची आठवण यायची. एकदा त्यांना फराळाला बोलावलं. आल्या, माझ्या बायकोशी छान बोलल्या, आमच्या मुलीच्या फोनवरच्या गप्पा ऐकत बसल्या. निघताना म्हणाल्या, "घरात आवाज असला की बरं वाटतं." पुढच्या दिवाळीला बोलावलं तर काहीतरी कारण सांगून टाळलं.

त्या दुपारच्या बोलण्यालाही चारेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या शेवटी एसटीच्या एका ड्रायव्हरचा मला फोन आला. साक्रीहून पार्सल आहे, स्टँडवर येऊन घेऊन जा. पिशवीत पाण्याची एक बाटली होती, तोंडाला प्लास्टिक बांधलेलं. बाटलीला चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर निळ्या पेनाने एकच शब्द: विहीर. खाली दुकानाचा पत्ता आणि फोन. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

मला वाटलं, असेल कुणीतरी. साक्रीकडचे एक गृहस्थ मागे बाईंकडून पाणी तपासून घेऊन गेले होते, त्यांच्याकडून पत्ता कळला असेल. मी बाटली बाईंसमोर ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बराच वेळ बोट त्या शब्दावरून फिरवत राहिल्या.

"ह असाच काढतो तो," म्हणाल्या. "किती मारलं होतं त्याला या ह साठी."

तपासणीची बाटली भरून त्यांनी मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती काळी पडली. बाईंनी पत्र लिहिलं. साधं, कामाचं. पाणी पिण्यालायक नाही, विहिरीत औषध इतकं टाकावं, खड्डा दूर हलवावा, तोवर उकळून प्यावं. खाली सही केली नाही. ते पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती मी दिलं.

आठवड्याने दुसरी बाटली आली. या वेळी चिठ्ठीवर जास्त मजकूर होता. खड्डा बुजवला, लांब नवा केला, औषध टाकलं. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली नव्हती म्हणून कडेला उभं लिहिलेलं: 'सोनी बाळंतपणाला येतेय. सातवा लागलाय.'

सोनी म्हणजे ती भाची.

बाई चिठ्ठी वाचून उठल्या, दुकानाबाहेर गेल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला यंत्रं दाखवा."

आठ वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना दोन-दोन मिनिटांत यंत्र निवडून दिलं होतं. या एका घरासाठी त्यांना तीन दिवस लागले. मी एकेक खोका उघडायचो, त्या बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. आरओ नको, क्षार आधीच कमी, आणि गावात मोटार चालायला वीज कुठे आहे? अतिनील दिव्याचं यंत्र जंतू चांगले मारतं, पण वीज गेली की तो नुसता डबा. बारीक जाळीचा, वीज न लागणारा फिल्टर ठीक आहे. पण काविळीचा विषाणू फार बारीक असतो, जाळीने तो सगळाच्या सगळा अडेल याची खात्री कोण देणार?

"तुम्ही द्याल?" त्यांनी मला विचारलं.

मी यंत्राच्या खोक्यावरची जाहिरात वाचून दाखवणार होतो, पण त्यांच्याकडे बघून खोका खाली ठेवला. "नाही," म्हणालो.

"मीही नाही देणार. एकदा दिली होती."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ठरवलं. विहिरीत औषध चालू ठेवायचं. उपसलेलं पाणी बिनविजेच्या जाळीच्या फिल्टरमधून गाळायचं. आणि सोनीच्या पोटात जाणारा प्रत्येक घोट त्यानंतर उकळायचा, खळखळ उकळी येऊन गेल्यावरही थोडा वेळ, मग झाकून ठेवायचा. म्हणजे माझ्या दुकानातल्या सगळ्या यंत्रांच्या वर पहिला नंबर आला तो पातेल्याचा. ते बाईंनी स्वतः बाजारातून आणलं, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, वीस लिटरचं. सोबत एक लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे पाण्यात कुणाचा हात जायला नको.

"चला मग, सोबतच जाऊ," मी म्हणालो.

"तुम्ही जा. मी आले आणि तो शेतात निघून गेला तर फिल्टर कसा वापरायचा ते कोण ऐकणार?"

मी एकटा गेलो. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीच्या पुढे उतरलो. घर रस्त्यालगतच होतं. भाऊ पन्नाशी ओलांडलेला, उंच, केस पांढरे, बाईंसारखंच रुंद कपाळ. सोनी दारात खुर्चीवर बसलेली. मी फिल्टर मांडला, कसा धुवायचा ते दाखवलं. भाऊ प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होता आणि कागदावर लिहून घेत होता. पातेलं पिशवीतून काढलं तेव्हा त्याने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं.

"हे तुमच्या दुकानातलं?"

"नाही. बाईंनी आणलं."

तो पातेलं घेऊन आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, "मी तिला दोष दिला नाही कधी. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून गेलं. मग ते मागे कसं घ्यायचं ते मला कळेना. एक वर्ष गेलं, दोन गेली. मग वाटलं, आता काय तोंड घेऊन जायचं." बस लांबून दिसली तेव्हा म्हणाला, "तिला सांगा." पुढे त्याला काही सुचलं नाही. बस आली आणि मी चढलो.

उकळलेल्या पाण्याची बाटली मी सोबत आणली होती. ती काळी पडली नाही. बाईंनी पुन्हा पाणी मागवलं, पुन्हा तपासलं, मग तिसऱ्यांदा. सोनीचे दिवस भरेपर्यंत दर आठवड्याला साक्रीच्या गाडीतून बाटली येत होती आणि मी स्टँडवर जाऊन आणत होतो. त्या दोन महिन्यांत बाई दुकानात कुणाशी फार बोलल्या नाहीत. जेवणाचा डबा कितीदा तसाच परत न्यायच्या.

श्रावणात मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन सोनीने केला, बाईंना नाही, मला, कारण त्यांच्याकडे माझाच नंबर होता. मी फोन बाईंच्या हातात दिला. पलीकडून सोनी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "वजन किती?" मग म्हणाल्या, "बाळाला पाणी लगेच देऊ नका. अंगावरचं दूधच." मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

पंधरा दिवसांनी एका सकाळी दुकानासमोर एक उंच माणूस उभा होता. पांढरा सदरा, हातात पिशवी. मी ओळखलं. तो आत आला नाही. पायरीवरूनच विचारलं, "मनी अक्का आठेच बसस ना?" म्हणजे माझी अक्का इथेच बसते ना.

बाई खुर्चीतच होत्या. उठल्या नाहीत. तो आत आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. दोघं एकमेकांकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"बठ्ठं तू सांगं तसंच करं," तो म्हणाला.

"हां," बाई म्हणाल्या.

"पोर चांगली शे."

"हां."

मी नळाच्या तोट्यांची उगाच मांडामांड करत होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "घर चाल."

बाईंनी पिशवी उचलली. खोलीवर जाऊन दोन साड्या घेतल्या असतील, तेवढंच. जाताना मला म्हणाल्या, "चार दिवसांत येते. त्या टेबलावरच्या बाटलीचा निकाल उद्या लागेल, बघून ठेवा."

त्या आल्या नाहीत. आधी आठवडा, मग महिना. दिवाळीच्या सुमारास एकदा भावाबरोबर येऊन खोली रिकामी केली. मी दोन दिवस पुण्याला मुलीकडे गेलो होतो, नेमके तेव्हाच. सुरुवातीला त्यांचा फोन रोज यायचा. अमक्याच्या टाकीचं काय झालं, तमक्याने झाकण बसवलं का. मग आठवड्याने येऊ लागला. मग मीच करू लागलो. पलीकडून बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज, कुणीतरी हाका मारतंय. "ठेवते हं, नंतर बोलू," बाई म्हणायच्या. मला राग येत नसे. पण फोन ठेवल्यावर दुकान फार शांत वाटायचं. मी स्वतःला आठ वर्षं सांगत आलो होतो की या एकट्या बाईला आपल्यामुळे सोबत आहे.

गिऱ्हाईक अजून बाटल्या आणतं. मी काळ्या पडणाऱ्या बाटलीची तपासणी शिकून घेतली आहे. जमते तशी करतो.

या उन्हाळ्यात नंदुरबारकडे एक काम निघालं. जाताना वाटेत बाईंचं गाव लागतं. उतरायचं, दोन तास थांबायचं आणि मागच्या गाडीने पुढे जायचं असं ठरवून मी मिठाईचा पुडा घेतला होता. सोनी तोवर बाळाला घेऊन सासरी गेली होती, हे मला माहीत होतं. घरात आता दोघंच असणार, तेव्हा बाईंना निवांत बोलता येईल असं वाटलं.

बस थांब्यावर थांबली. खिडकीतून घराचा ओटा समोर दिसत होता. दोघं ओट्यावर बसली होती, मध्ये भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. भाऊ शेंगा फोडत होता, बाई दाणे निवडून सुपात टाकत होत्या. बोलत कुणीच नव्हतं. एक शेंग त्याला फुटेना, तेव्हा बाईंनी न बघताच हात पुढे केला, त्याने ती त्यांच्या हातात दिली, त्यांनी दाताने फोडून परत केली.

"इथे कुणी उतरणार आहे का?" कंडक्टरने विचारलं.

माझ्या मांडीवर पुडा होता. मी काही बोललो नाही. त्याने घंटी दिली आणि बस पुढे निघाली.